मिठाने दात घासणारा कापडवाला

सकाळी उठल्यावर मिठाने दात घासायचे आणि खळखळून चूळ भरायची. जेवण झाले की दातकोरणीने दाढांच्या फटी साफ करायच्या आणि मग कापडाने दात चांगले रगडून पुसायचे. हा दिनक्रम आपल्याकडच्या एखाद्या शिस्तीच्या आजोबांचा वाटेल. प्रत्यक्षात तो हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापड दुकानदाराचा आहे आणि त्याने तो स्वतःच 1683 साली एका पत्रात लिहून ठेवला आहे. त्या पत्रात आपल्या दातांचे त्याने थोडे कौतुकही केले आहे. पन्नाशीला येऊनही दात पांढरे आणि मजबूत आहेत, मीठ कितीही जोरात चोळले तरी हिरड्यांतून रक्त येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. एवढे असूनही एके दिवशी आरशात पाहताना दाढांच्या मध्ये त्याला पांढरट, भिजवलेल्या पिठासारखे काहीतरी चिकटलेले दिसले.

कुणीही ते कोरून थुंकून टाकले असते. या गृहस्थाने ते पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालवून भिंगाखाली धरले.

त्याचे नाव अँटनी व्हॅन लेव्हेनहूक. शाळेच्या पुस्तकात सूक्ष्मजीवांच्या धड्यात हे नाव आपण सगळ्यांनी वाचलेले असते आणि परीक्षा झाली की विसरलेलेही असते. सूक्ष्मजीवशास्त्राचा जनक, एवढीच त्याची ओळख उरते. त्याच्या सर्वांत प्रसिद्ध निरीक्षणांपैकी एक त्याच्या स्वतःच्या तोंडातले होते, हे धड्यात सहसा नसते.

लेव्हेनहूकचा जन्म 1632 सालचा, शिवरायांपेक्षा दोन वर्षांनी धाकटा. वडील टोपल्या विणणारे. तो जेमतेम पाच-सहा वर्षांचा असताना ते गेले. बेताचे शिक्षण झाल्यावर सोळाव्या वर्षी त्याला अॅमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याकडे कामाला धाडले. तिथे तो हिशेब शिकला, कापडाची पारख शिकला आणि 1654 मध्ये डेल्फ्टला परत येऊन त्याने स्वतःचे दुकान थाटले. त्याच वर्षी लग्न केले. पाच मुले झाली, त्यांतली एकटी मारिया जगली. बायकोही 1666 मध्ये गेली. दरम्यान गावाच्या कारभारात त्याला एक बऱ्यापैकी नोकरी मिळाली होती. न्यायाधिकाऱ्यांच्या दालनाची देखभाल त्याच्याकडे होती. पुढे तो जमीन मोजणी करू लागला, दारूच्या पिंपांची मापे तपासू लागला. प्रसिद्ध चित्रकार व्हर्मीर त्याच गावचा, त्याच वर्षी जन्मलेला. तो कर्जबाजारी अवस्थेत वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहायला गावाने नेमला तो लेव्हेनहूकच. थोडक्यात, मोजमापात चोख आणि विश्वासाचा माणूस. विद्यापीठाचे तोंड त्याने कधी पाहिले नाही. त्या काळच्या विद्वानांची भाषा लॅटिन. ती त्याला येत नव्हती.

कापडाचे धागे मोजायला व्यापारी भिंग वापरत. ते भिंग लेव्हेनहूकच्या हातात आले आणि सुटले नाही. तो स्वतःच भिंगे बनवू लागला. त्याचा सूक्ष्मदर्शक आपल्या प्रयोगशाळेतल्यासारखा उंच नळीचा नव्हता. बोटभर लांबीच्या दोन धातूच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये बसवलेले मोहरीच्या दाण्याएवढे एकच भिंग, मागे एक सुई आणि ती पुढेमागे करायला स्क्रू. सुईच्या टोकावर पाहायची वस्तू लावायची, पट्टी डोळ्याला अगदी चिकटवायची आणि उजेडाकडे तोंड करून पाहायचे. आज शिल्लक असलेल्यांपैकी सर्वांत ताकदीच्या भिंगातून वस्तू सुमारे 266 पट मोठी दिसते. अशी शेकडो भिंगे त्याने घडवली आणि आपली सर्वांत चांगली भिंगे व पाहण्याची खास पद्धत मात्र कुणाला दाखवली नाही. हा कंजूषपणा त्याच्या कीर्तीला शोभत नाही, आणि त्याची किंमत विज्ञानाला पुढे मोजावी लागली.

लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याचे पहिले पत्र गेले 1673 मध्ये, डेल्फ्टमधल्याच द ग्राफ नावाच्या डॉक्टरच्या शिफारशीने. पुढच्या पन्नास वर्षांत अशी सुमारे दोनशे पत्रे गेली. सगळी डच भाषेत, गप्पा मारल्यासारखी, मधेच विषयांतर करणारी. रायगडावर राज्याभिषेक झाला त्या 1674 साली त्याने गावाजवळच्या तळ्यातल्या पाण्यात हलणारे जीव पाहिले. मिरी तिखट का लागते, हे शोधण्यासाठी त्याने मिरी पाण्यात भिजत घातली. पूर्वेकडून डच जहाजे भरभरून मिरी नेत, तीच ही. तिखटपणाचा उलगडा झाला नाही, पण त्या पाण्यात आधी पाहिलेल्यांपेक्षाही कितीतरी लहान जीव सापडले. ते जिवाणू होते, हे आज आपल्याला कळते.

लंडनच्या विद्वानांना हे पटणे कठीण होते. एका दुकानदाराला थेंबभर पाण्यात लाखो प्राणी दिसतात म्हणे! लेव्हेनहूकने धर्मगुरूंसह गावातल्या प्रतिष्ठितांना घरी बोलावून ते जीव दाखवले आणि त्यांच्या सहीची साक्षपत्रे पाठवून दिली. शेवटी 1677 मध्ये रॉबर्ट हूकने लंडनमध्ये तेच जीव सर्वांसमोर दाखवले, तेव्हा शंका मिटली. 1680 मध्ये सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले. सभेला मात्र तो कधीच गेला नाही.

आता त्या दाढेमधल्या पिठाकडे वळू.

17 सप्टेंबर 1683 च्या पत्रात त्याने सांगितले आहे की त्या पांढऱ्या मळात असंख्य जिवंत प्राणी अगदी मजेत फिरत होते. काही लांबट, पाण्यातून मासा सुळकन जावा तसे जाणारे. काही भोवऱ्यासारखे गरगर फिरणारे. काही इतके बारीक की चिलटांचा थवा घोंगावावा तसे दिसत. त्याने त्यांची चित्रे काढून घेतली. दांडीसारखे, गोल, मळसूत्री असे जिवाणूंचे आकार त्या चित्रांत आजही ओळखू येतात. जिवाणूंची ही सर्वांत जुनी चित्रे मानली जातात, आणि ती दातांच्या मळातून आली आहेत.

मग त्याने इतरांची तोंडे तपासायला घेतली. गावात एक म्हातारा होता, त्याने आयुष्यात कधी दात साफ केले नव्हते. त्याच्या दातांवरच्या मळात प्राण्यांची एवढी गर्दी होती की लेव्हेनहूकने तेवढी कुठेच पाहिली नव्हती. काही मोठे जीव अंग वाकवत नागमोडी पोहत होते. दुसरा एक म्हातारा रोज सकाळी ब्रँडी घेणारा आणि तंबाखू ओढणारा. एवढ्या कडक माऱ्यात हे जीव कसे टिकतील, अशी लेव्हेनहूकला शंका होती. लाळेत फारसे काही सापडले नाही, पण दातांच्या फटीतल्या मळात ते होतेच.

मिसरी किंवा मशेरी लावल्याने दात घट्ट राहतात, दुखणे थांबते, असे मानणारी मंडळी आपल्याकडे खेड्यात आणि शहरातल्या वस्त्यांतही भरपूर आहेत. भाजलेल्या तंबाखूने हिरडी बधिर होते, म्हणून दुखणे थांबल्यासारखे वाटते. तंबाखूने हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि रक्त येणे हे धोक्याचे पहिले चिन्हच झाकले जाते. आतला आजार वाढत राहतो. शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच. दात साफ करण्याच्या नावाखाली तंबाखूची सवय लागते, ही या प्रकारातली सर्वांत वाईट गोष्ट आहे.

लेव्हेनहूकचा पुढचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याने कडक व्हिनेगर, म्हणजे द्राक्षाचा शिरका, तोंडात घेऊन चुळा भरल्या आणि पुन्हा दातांमधला मळ काढून पाहिला. आत प्राणी जिवंत! मग त्याने तोच मळ बाहेर काढून, मोकळा करून त्यात व्हिनेगर मिसळले, तेव्हा ते लगेच मेले. त्याने अनुमान काढले की व्हिनेगर मळाच्या आतपर्यंत पोचत नाही. फक्त वरवरचे जीव मरतात. 1692 मध्येही असाच अनुभव आला. त्या काळात तो रोज सकाळी कढत कॉफी पिऊ लागला होता आणि पुढच्या दातांवरच्या मळात त्याला जिवंत जीव सापडेनात. उष्णतेने मेले असावेत, असे त्याने ठरवले. पण तेवढ्यावर न थांबता त्याने भिंगाच्या आरशात पाहून मागच्या दाढांमधला, जिथे कॉफीची धग पोचत नाही तिथला मळ काढला. तिथे ते पूर्वीसारखेच वळवळत होते.

आज या थराला आपण प्लाक म्हणतो. त्यातले जिवाणू सुटे नसतात. विशेषतः साखर मिळाली की काही जिवाणू तिच्यापासून चिकट गोंदासारखा पदार्थ बनवतात आणि त्यात स्वतःला गाडून घेतात. त्यामुळे बाहेरून ओतलेले औषध आत सहज झिरपत नाही. दात घासायचा कंटाळा आला म्हणून माउथवॉशने गुळण्या करून झोपणाऱ्यांनी त्या व्हिनेगरची आठवण ठेवावी. थर आधी ब्रशने मोडला, खरवडला तर गुळणीचा थोडाफार उपयोग होतो. न मोडता नाही. घासल्यानंतर काही तासांतच थर पुन्हा बसू लागतो. काही दिवस तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात साचून तो दगडासारखा घट्ट होतो. यालाच आपण कीटण म्हणतो. ते घरच्या ब्रशने निघत नाही, मिठाने तर नाहीच. दंतवैद्याकडून काढून घ्यावे लागते.

कीटण काढले की दात हलतात, हा समज इतका घट्ट आहे की तो काढणे कीटण काढण्यापेक्षा अवघड. होते असे, की वर्षानुवर्षे साचलेल्या कीटणाखाली हिरडी खाली सरकलेली असते, हाडही झिजलेले असते आणि दात कीटणाच्या आधाराने उभे असतात. ते काढल्यावर आधीचेच ढिलेपण लक्षात येते. दोष येतो तो साफ करणाऱ्यावर!

लेव्हेनहूकने तोंडाच्या वासाबद्दलही एक नेमकी गोष्ट सांगितली होती. काहींच्या तोंडाला इतकी दुर्गंधी येते की त्यांच्याशी बोलणे नको होते, लोक त्याचे खापर पोटावर किंवा फुप्फुसावर फोडतात, पण बहुतेक वेळा कारण तोंडातच असते, असा त्याचा रोख होता. आजही दुर्गंधीसाठी लोक आधी पोट साफ होण्याचे चूर्ण घेतात. जिभेच्या मागच्या भागावरचा थर, हिरड्यांचा आजार आणि किडलेल्या दाढेत अडकलेले अन्न, ही तिची नेहमीची कारणे. आपल्याकडची जीभ खरवडायची पितळी किंवा तांब्याची पट्टी या बाबतीत अगदी योग्य आहे.

एवढे पाहिलेल्या माणसाने पुढचे पाऊल का टाकले नाही, असा प्रश्न पडतो. हे जीव दात किडवतात, हिरड्या पोखरतात, असे त्याने कुठेही म्हटले नाही. त्याला ते तोंडात राहणारे भाडेकरू वाटले, चोर वाटले नाहीत. त्या काळी दात किडतो तो दातात अळी शिरल्यामुळे, अशी समजूत जगभर होती. आपल्या भाषेत तर ती अजून जिवंत आहे. आपण दाताला कीड लागली असेच म्हणतो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली कीड पाडणारे वैदू आपल्याकडे होते, तशीच धुरी युरोपातही दिली जाई. 1700 च्या सुमारास अशा धुरीने दातातून पडलेल्या म्हणून दिलेल्या अळ्या लेव्हेनहूककडे आल्या. त्याने त्या तपासल्या आणि सडक्या चीजमध्ये होणाऱ्या अळ्यांशी ताडून पाहिल्या. त्या त्याच जातीच्या निघाल्या. म्हणजे अळी दातात जन्मत नाही, एवढे त्याने दाखवले. पण खरा गुन्हेगार त्याच्या चित्रांत सतरा वर्षे आधीच उभा होता आणि तो त्याने ओळखला नाही.

यात त्याला फार दोष देता येत नाही. भिंगे बनवण्याची युक्ती त्याच्याबरोबरच गेली आणि एवढे बारीक जीव नीट पाहू शकणारे पुढच्या शंभर वर्षांत फारसे कुणी झाले नाही. दुवा जुळायला 1890 उजाडले. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने दाखवले की तोंडातले जिवाणू साखर आणि पिष्टमय पदार्थ आंबवतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. गोड खाल्ल्यावर दातावरच्या थरात काही मिनिटांतच आम्ल वाढते आणि लाळ ते निवळायला अर्धा ते एक तास घेते. म्हणून एकदाच बसून दोन पेढे खाणे दातांना परवडते. एकच चॉकलेट दिवसभर चघळणे, किंवा दर तासाला गोड चहाचा घोट घेणे परवडत नाही. लाळेला आपले काम करायला उसंतच मिळत नाही. रात्री झोपेत लाळ अगदी कमी होते. त्यामुळे सकाळी घासण्यापेक्षा झोपण्यापूर्वी घासणे अधिक महत्त्वाचे. आपल्या घरांत नेमके तेच गाळले जाते.

हिरड्यांचा पुरावा आणखी उशिरा आला. 1965 मध्ये डेन्मार्कमध्ये बारा निरोगी माणसांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या बऱ्या झाल्या. लेव्हेनहूकने आपल्या न सुजलेल्या हिरड्यांचे श्रेय मिठाला दिले होते. ते खरे तर त्याच्या रोजच्या रगडण्याला आणि दातकोरणीला होते. भरड मीठ, राखुंडी, विटेची पूड यांनी थर निघतो, पण त्यांच्या खरखरीने दातही झिजतात. मऊ ब्रशने तेच काम दात न झिजवता होते. पेस्टमधल्या फ्लोराइडने कवच आम्लाला अधिक दाद देईनासे होते, हा फायदा त्याच्या नशिबी नव्हता. पेस्ट थुंकून टाकावी. वर पाण्याच्या चार-चार चुळा भरून ते फ्लोराइड धुऊन टाकू नये. दातांच्या फटींत ब्रश पोचत नाही, तिथे दोरा किंवा बारीक ब्रश फिरवावा. सेफ्टी पिन नको. घासताना रक्त आले तर घासणे थांबवू नका. बहुधा तिथेच थर साचलेला असतो. मात्र पंधरा दिवसांतही रक्त थांबले नाही तर दाखवून घ्या. मधुमेह असेल तर त्याआधीच. साखर ताब्यात नसली की हिरड्या झपाट्याने बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर ताब्यात ठेवणे कठीण जाते.

उतारवयात लेव्हेनहूकची कीर्ती एवढी पसरली की रशियाचा झार पीटर 1698 मध्ये डेल्फ्टला आला, तेव्हा त्याने मुद्दाम त्याला बोलावून घेतले. ईल माशाच्या शेपटीत रक्त कसे वाहते, हे लेव्हेनहूकने त्याला दाखवले. पाहुण्यांचा त्याला त्रास होई; पण लिहिणे थांबले नाही. शेवटच्या आजारात श्वासपटल अचानक झटके देऊ लागले, तेव्हा त्याने त्याचेही बारकाईने वर्णन करून लंडनला कळवले. त्या दुर्मीळ विकाराला आज त्याचेच नाव आहे. 26 ऑगस्ट 1723 रोजी, नव्वदाव्या वर्षी तो गेला. त्या शतकात नव्वदी गाठणे ही मोठीच गोष्ट.

मारियाने लग्न केले नाही; ती अखेरपर्यंत वडिलांजवळ राहिली. त्याने रॉयल सोसायटीसाठी बाजूला ठेवलेले चांदीचे सव्वीस सूक्ष्मदर्शक तिने लंडनला पाठवले. ते पुढे तिथून गहाळ झाले. उरलेल्यांचा ती गेल्यावर 1747 मध्ये लिलाव झाला. शेकडोंपैकी आज मोजकेच शिल्लक आहेत. त्यांतला सर्वांत ताकदीचा उट्रेख्तच्या संग्रहात आहे. तो उघडून पाहायची कुणाची हिंमत नव्हती. 2021 मध्ये संशोधकांनी न्यूट्रॉनच्या झोताने, पट्ट्या न उघडताच, आतले भिंग पाहिले. ते घासून बनवलेले नव्हते. काचेचा तंतू ज्योतीवर वितळवून केलेला तो एक इवलासा मणी होता, आणि ही कृती रॉबर्ट हूकने पुस्तकात कधीच छापलेली होती.